यहुदी इतिहासातील काही घटना आणि हिब्रूचे ‘मरण’

भाषाशास्त्राच्या प्रवेशिकांमध्ये ‘मृत भाषा’ या सदराखाली तीन नावे हटकून येतात : संस्कृत, लॅटिन आणि हिब्रू. त्यांपैकी तिसऱ्या नावाला बहुधा एक पुस्ती जोडलेली असते. ती अशी की, ही भाषा सुमारे सतरा शतके मृत राहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा जिवंत झाली. प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य वर्गात कित्येक वर्षे सांगितले आहे. ते सांगताना एक अडचण मात्र नेहमी उभी राही. मेलेली वस्तू पुन्हा जिवंत होत नाही. आणि झाली असेल, तर ती मेली होती हे विधानच तपासून पाहिले पाहिजे. यहुदी लोकांच्या इतिहासातील काही ठळक घटना घ्याव्या, आणि त्या प्रत्येक घटनेने हिब्रूच्या वाट्याचे कोणते काम गेले व कोणते उरले हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. धर्मविचार आणि आजचे राजकारण हे दोन्ही विषय त्याच्या कक्षेबाहेरचे होत.

पहिली घटना इ. स. पू. ५८६ मधील. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले, तेथील मंदिर जाळले आणि यहुदाच्या राज्यातील वरच्या थरातील लोकांना बाबिलोनला नेले. इराणचा राजा कुरुश याने इ. स. पू. ५३८ मध्ये त्यांना परतण्याची मुभा दिली. परंतु जे परतले ते गेले तसे परतले नाहीत. इराणी साम्राज्याचा सर्व कारभार अरामी भाषेत चाले. ती हिब्रूची सख्खी बहीण. व्यापाराची, दरबाराची आणि हळूहळू घराचीही भाषा होऊन बसलेली. खुद्द लिपी बदलली. आज आपण जिला हिब्रू लिपी म्हणतो ती चौकोनी वळणाची लिपी मूळची अरामी होय. जुनी हिब्रू लिपी शोमरोनी लोकांच्या पोथ्यांत तेवढी टिकली. पुढारी नहेम्या याच्या नावावरील ग्रंथात एक तक्रार नमूद आहे. परक्या स्त्रियांशी विवाह केलेल्यांची निम्मी मुले अश्दोदची भाषा बोलत व त्यांना यहुद्यांची भाषा येत नसे, अशी ती तक्रार. मुलांना आपली भाषा येत नाही ही ओरड किती जुनी आहे, हे यावरून दिसेल. दानीएल व एज्रा या ग्रंथांचा बराच भाग तर अरामीतच लिहिलेला आहे.

तरीही या काळात हिब्रू संपली असे म्हणता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी भाषा येऊन बसली, एवढेच. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत मात्र पुढची पायरी गाठली गेली. तेथील यहुद्यांसाठी इ. स. पू. तिसऱ्या शतकात धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले, आणि तेथील वस्तीचा धर्म पिढ्यान्‌पिढ्या ग्रीकमधून चालला. त्या भाषांतरातील एका शब्दाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने दुसरे मंदिर पाडले. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबा याच्या नेतृत्वाखाली शेवटचे मोठे बंड झाले, आणि ते चिरडले गेल्यावर यहुदा प्रांत ओसाड पडला. हिब्रूचे ‘मरण’ सामान्यतः या सुमारास मांडतात. एकोणिसाव्या शतकातील कित्येक पंडित तर ते आणखी चारपाच शतके मागे नेत. इ. स. २०० च्या सुमारास यहुदा हा-नासी याने संकलित केलेली ‘मिश्ना’ ही स्मृतिसंहिता हिब्रूत आहे. पण ती हिब्रू म्हणजे अरामीत विचार करणाऱ्या शास्त्र्यांनी बेतलेली कृत्रिम भाषा होय, असे ते मत होते. मो. ह. सेगल याने १९०८ मध्ये व पुढे १९२७ च्या आपल्या व्याकरणात त्यास विरोध केला. मिश्नेतील शब्द शेताचे, स्वयंपाकघराचे, बाजाराचे आहेत. तिच्या रूपांत बोलीची झीज दिसते. अशी भाषा कोणी टेबलाशी बसून घडवीत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढे मृत समुद्राजवळच्या गुहांत, विशेषतः १९६० व १९६१ मध्ये, बार कोखबाची प्रत्यक्ष पत्रे सापडली. ती हिब्रू, अरामी व ग्रीक या तिन्ही भाषांत आहेत. रसद पाठवा, अमक्यास पकडून आणा, असे हुकूम त्यांत आहेत. रणधुमाळीत सेनानायक हुकूम सोडतो तो कृत्रिम भाषेत नव्हे. सेगलचे म्हणणे अशा रीतीने बव्हंशी खरे ठरले.

याच काळाविषयी तालमूद ग्रंथात एक लहानशी हकीकत आहे. ती भाषेच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये अशी आहे. यहुदा हा-नासीच्या शिष्यांना काही हिब्रू शब्दांचे अर्थ लागेनात. त्यांतील एक यशयाच्या ग्रंथातला, ‘केरसुणी’ या अर्थाचा होता. एक रानभाजीचे नाव होते. वाद चालू असता त्यांनी गुरूच्या घरच्या मोलकरणीला ते शब्द सहज वापरताना ऐकले, आणि त्यांना अर्थ कळला. ही गोष्ट शब्दशः घडली असो वा नसो, तिच्यात एक भाषिक सत्य आहे. शास्त्री लोक ग्रंथाची हिब्रू जाणत होते आणि घरात अरामी बोलत होते. केर काढणाऱ्या बाईच्या तोंडी मात्र जुनी बोली अद्याप होती. तिच्यामागून ती बोलणारे कोणी राहिले नाही. बोलीची शेवटची साक्ष विद्वानाची नसून मोलकरणीची आहे, याची नोंद आपण घेतली पाहिजे. ग्रंथांच्या आधारे बोलींचा इतिहास लिहिणाऱ्यांस ही एक कायमची सूचना आहे.

यापुढे हिब्रू कोणाच्याही आईची भाषा राहिली नाही. पण हे तिचे एकच काम गेले. प्रार्थना, न्यायनिवाडा, करारपत्रे, दूरदूरच्या वस्त्यांतील शास्त्र्यांचा पत्रव्यवहार, काव्य, थडग्यावरील लेख, ही कामे तिच्याकडेच किंवा अरामीच्या वाटणीत राहिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान मुलग्याला अक्षरओळख करून द्यावयाची ती हिब्रूची, हा परिपाठ सुटला नाही. पंतोजीने एकेक हिब्रू शब्द उच्चारावा, मुलाने त्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगावा, ही पाठशाळेची रीत कित्येक देशांत आणि कित्येक शतके चालली. वेदपाठी परंपरेला जशी शिक्षा व प्रातिशाख्ये यांची जोड मिळाली, तशी सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियाच्या पाठरक्षकांनी हिब्रू संहितेला स्वरचिन्हांची व आघातचिन्हांची जोड दिली. कारण केवळ व्यंजने लिहिणाऱ्या लिपीत उच्चार विसरण्याचे भय होते.

अरबी साम्राज्याच्या उदयानंतर बहुसंख्य यहुद्यांची घरची भाषा अरबी झाली, आणि ती ते हिब्रू अक्षरांत लिहू लागले. मैमोनिदेसचा तत्त्वज्ञानावरील प्रमुख ग्रंथ (सुमारे ११९०) या अरबीतला आहे, तर त्याची धर्मशास्त्राची संहिता हिब्रूत आहे. एकच लेखक विषयानुसार भाषा निवडतो, यावरून कामांची वाटणी स्पष्ट होते. कैरोच्या सभास्थानातील कोठडीत, देवाचे नाव असण्याच्या शक्यतेने, जुने कागद नष्ट न करता टाकून ठेवीत. तेथून १८९७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या सुमारे दोन लाख तुकड्यांत मंगळूरला राहून मिऱ्यांचा व लोखंडाचा व्यापार करणाऱ्या बाराव्या शतकातील अब्राहम बेन यिजू याचीही पत्रे आहेत. भाषा अरबी, अक्षरे हिब्रू. अरबीच्या या सहवासाचा हिब्रूला अनपेक्षित लाभ झाला. हिब्रूचे कोशकार तोवर दोन, क्वचित एकच व्यंजन असलेले धातू मानीत. इ. स. १००० च्या सुमारास कोर्दोव्हा येथे यहुदा हय्यूज याने अरबी वैयाकरणांची पद्धती लावून दाखवून दिले की, हिब्रू धातूही त्रिव्यंजनी आहेत; दुर्बळ व्यंजने रूपसिद्धीत लोपतात, इतकेच. त्याने हे लिहिले तेही अरबीत. जी भाषा कोणी बोलत नव्हते तिचे पहिले समाधानकारक धातुविवेचन असे शेजारणीच्या मदतीने झाले.

आता युरोपकडे वळू. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स व माइन्झ येथील यहुदी वस्त्यांवर हल्ले केले. वर्म्स व माइन्झ येथे मोठ्या कत्तली झाल्या. या वस्त्यांत जर्मन बोलींवर आधारलेली एक भाषा घडत होती. तिचे पहिले दिनांकित वाक्य १२७२ सालच्या, वर्म्सशी निगडित असलेल्या एका हिब्रू प्रार्थनापोथीत, एका मोठ्या हिब्रू शब्दाच्या अक्षरांच्या पोकळीत, लिहिलेले आढळते. हीच यिद्दीश. छळ व हद्दपारी यांमुळे हे लोक पूर्वेकडे पोलंड-लिथुआनियात सरकत गेले आणि भाषेत स्लाव्ह शब्दांची भर पडली. तिचा कोश म्हणजे त्या प्रवासाची वहीच होय. जेवणानंतरचा आशीर्वाद म्हणणे या अर्थाचे क्रियापद ‘बेन्च्न’ लॅटिन वंशाचे; आजोबा या अर्थी ‘झेय्दे’ स्लाव्ह; साधे पुस्तक ‘बुख’ जर्मन; पण धर्मपुस्तक असेल तर ‘सेय्फर’, म्हणजे हिब्रू. यिद्दीशला ते ‘मामे-लोशन’ म्हणजे मायबोली म्हणत आणि हिब्रूला ‘लोशन-कोयदेश’ म्हणजे पवित्र भाषा. गंमत अशी की, ‘लोशन’ हा भाषावाचक शब्द दोन्हीकडे हिब्रूच आहे.

स्पेनमध्ये ३१ मार्च १४९२ रोजी फर्मान निघून जुलैअखेर यहुद्यांना देश सोडावा लागला. त्याच वर्षी नेब्रिहाचे कास्तीली भाषेचे व्याकरण छापले गेले. ज्यांना घालवून दिले त्यांतील बहुतेकांनी तीच कास्तीली बरोबर नेली, आणि सालोनिका, इस्तंबूल, इझमीर येथे ती हिब्रू अक्षरांत जपली. स्पेनमध्ये पुढे जे उच्चार बदलले ते येथे बदलले नाहीत. स्त्रीवाचक शब्दातील जुना घर्षक वर्ण यांच्या ‘मुझेर’मध्ये राहिला, तिकडे त्याचा ‘मुखेर’ झाला. रविवारला स्पॅनिश शब्द ‘दोमिंगो’, म्हणजे प्रभूचा वार. ख्रिस्ती अर्थ नको म्हणून हे लोक अरबीतून आलेला ‘अल्हाद’ वापरीत. देववाचक ‘दिओस’ शब्दाच्या शेवटचा ‘स’ त्यांना अनेकवचनी भासे, म्हणून ते ‘दिओ’ म्हणत. व्याकरणात एकेश्वरवाद याहून नेमका क्वचितच सापडेल.

जे पोर्तुगालमध्ये गेले त्यांच्यावर १४९७ मध्ये सक्तीचे धर्मांतर लादले गेले. तेथे हिब्रू पुस्तक घरात असणे हाच गुन्हा ठरला आणि अक्षरओळखीची परंपरा काही पिढ्यांत तुटली. अशाच एका कुटुंबातील वैद्य गार्सिया दा ओर्ता गोव्यात राहिला. त्याचा वनौषधींवरील पोर्तुगीज संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये धर्मन्यायसभेने त्याची हाडे उकरून जाळली. त्याच्या ग्रंथात अनेक भाषांतील वनस्पतिनामे आहेत; मनात काय होते ते लिहिण्याची सोय नव्हती.

येथवरच्या विवेचनाला एक मोठा अपवाद आपल्या दाराशी आहे. कोकणातील बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले. तो काळ कोणताही असो, त्यांची भाषा मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अरबी, जर्मन, कास्तीली बोलणारे यहुदी त्या त्या भाषा हिब्रू अक्षरांत लिहीत. बेने इस्राएलांची मराठी मात्र नागरीत लिहिली गेली. याचे कारण उघड आहे. त्यांच्यापाशी पोथ्या नव्हत्या, पंतोजी नव्हता, म्हणून अक्षरेही नव्हती. सुंता, शनिवारचा विसावा व आहाराचे नियम त्यांनी पाळले. पण हिब्रूतून उरले होते ते, परंपरेनुसार, ‘शेमा’ या श्रद्धावचनाचे शब्द. त्याचा अर्थही सर्वांस ठाऊक होता असे नाही.

हे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचे आहे. हिब्रू टिकली ती धर्मनिष्ठेमुळे, असे सामान्यतः म्हणतात. कोकणातील निष्ठा काही कमी नव्हती. तरी हिब्रू गेली. तेव्हा टिकण्याचे कारण निष्ठेपेक्षा पाठशाळा हे होय. कोठल्या भाषेला मृत म्हणावयाचे असेल, तर अठराव्या शतकाच्या आधीच्या कोकणात हिब्रूला म्हणावे. त्याच काळी कोणी न बोलताही व्हिल्नात ती जिवंत होती.

तुटलेली ही परंपरा पुन्हा जोडली गेली ती कोचीनच्या शिक्षकांमुळे, मुंबईत १७९६ मध्ये दिवेकरांनी बांधलेल्या पहिल्या सभास्थानामुळे, आणि बरीचशी मराठीमुळे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हगादा’ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली, पुन्हा १८७४ मध्ये पुण्यात निघाली. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात जमिनीवर बसल्या आहेत. पुढे शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली गेली.

आता ‘पुनरुज्जीवना’कडे येऊ. एलिएझेर बेन-येहुदा (१८५८–१९२२) याने १८७९ मध्ये लेख लिहून व १८८१ मध्ये यरुशलेमला जाऊन हिब्रू ही घरची भाषा करण्याचा ध्यास घेतला. १८८२ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या कानावर त्याने हिब्रूवाचून दुसरी भाषा पडू दिली नाही. त्याच्या निश्चयाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण तो प्रेतापाशी बसला नव्हता. अब्राहम मापूची हिब्रू कादंबरी १८५३ मध्ये निघाली होती, हिब्रू साप्ताहिक १८५६ पासून चालू होते, आणि यरुशलेमच्या बाजारात यिद्दीश, अरबी व स्पॅनिश बोलणारे यहुदी परस्परांशी मोडक्यातोडक्या हिब्रूत व्यवहार करीतच होते. गेलेले एक काम परत द्यावयाचे होते. मोलकरणीचे काम, असे म्हटले तरी चालेल.

त्यासाठी शब्द हवे होते. वीज या अर्थाचा ‘हश्मल’ हा शब्द पाहा. यहेज्केलच्या दृष्टान्तात तो एका गूढ तेजासाठी येतो. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांनी त्यास ‘एलेक्ट्रॉन’ हा ग्रीक प्रतिशब्द योजला होता. युरोपीय भाषांतील विद्युद्वाचक शब्द त्याच ग्रीक शब्दावरून आले, म्हणून एकोणिसाव्या शतकातील कवी यहुदा लेब गोर्डोन याने ‘हश्मल’ उचलला. दोन हजार वर्षांपूर्वीचे भाषांतर असे उलट दिशेने उपयोगी पडले. बेन-येहुदाने कोशाला ‘मिलोन’ हा शब्द घडविला, तो रुळला. टोमॅटोला अरबीच्या वळणाचा ‘बदूरा’ सुचविला, तो लोकांनी टाकला आणि ‘अग्वानिया’ घेतला. भाषाशुद्धीच्या आपल्याकडील प्रयत्नांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

निर्णायक ठरली ती पुन्हा शाळाच. १९१३ मध्ये हैफाच्या नियोजित तंत्रविद्यालयात जर्मन माध्यम ठेवण्याचे ठरताच शिक्षक व विद्यार्थी संपावर गेले आणि हिब्रूचा पक्ष जिंकला. १९२२ मध्ये ब्रिटिश अमलाखाली इंग्रजी व अरबी यांच्याबरोबर हिब्रू राजभाषा झाली; १९४८ मध्ये राज्य स्थापन झाले; १९५३ मध्ये हिब्रू भाषेची अकादमी आली. जी भाषा निघाली ती मात्र यशयाची नव्हे, मिश्नेचीही नव्हे. कंठाच्या खोल भागातून उच्चारावयाचे वर्ण यिद्दीशभाषक जिभांना पेलले नाहीत. वाक्यरचनेत युरोपीय वळणे शिरली. बेर्गश्ट्रेसर याने १९२८ मध्येच तिला हिब्रू वेशातली युरोपीय भाषा ठरविले होते. हे मत अतिरेकी आहे असे मला वाटते, कारण धातू व रूपसिद्धी सेमिटिकच आहेत. पण त्यातला इशारा खरा आहे.

या यशाची किंमत इतर भाषांनी दिली, आणि ती आपल्या पुस्तकांत नोंदलेली नसते. १९०८ मध्ये चेर्नोवित्स येथील परिषदेने यिद्दीशला यहुद्यांची ‘एक’ राष्ट्रीय भाषा म्हटले होते; त्या ‘एक’ शब्दावरून केवढा वाद झाला. १९२३ नंतर तेल अवीवमध्ये ‘भाषारक्षक दल’ रस्त्यांवर यिद्दीश बोलणाऱ्यांस अडवी. तरीही दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिद्दीश बोलणारे एक कोटीच्या घरात होते. नाझींनी मारलेल्या सुमारे साठ लाख यहुद्यांपैकी बहुसंख्य याच भाषेचे. १९४३ मध्ये सालोनिकातून सुमारे ४५,००० लोक आउश्विट्झला नेले गेले आणि १४९२ ची स्पॅनिश त्या शहरातून जवळजवळ नाहीशी झाली. १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत यिद्दीशचे अग्रगण्य कवी व कथाकार होते. यांना मृत भाषा म्हणताना आपण सावध असावे. येथे भाषा मेली नाही. ती बोलणारे मारले गेले.

१९४९ ते १९५१ या अवधीत येमेन व इराक येथील यहुदी इस्राएलला आले. येमेनी लोकांच्या हिब्रूत ते खोल कंठ्य वर्ण शाबूत होते. नातवंडांनी ते टाकले, कारण ते गावंढळ समजले जात. अरबी दोन पिढ्यांत घरातून गेली. कोकणातून व मुंबईतून गेलेल्या बेने इस्राएलांचीही तीच वाट. त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले; वाचणारे मुख्यतः भारतात शिकलेले, आणि त्यांची नातवंडे हिब्रूभाषक.

यरुशलेमच्या मेआ शेआरीम या वस्तीत मात्र अद्याप अशी कुटुंबे आहेत, ज्यांना घरात हिब्रू बोलणे हा पवित्र भाषेचा उपमर्द वाटतो. तेथील मुले आईशी यिद्दीश बोलतात, आणि पाठशाळेत पंतोजीपुढे हिब्रूचा एकेक शब्द उच्चारून त्याचा अर्थ यिद्दीशमध्ये सांगतात.